मेंढ्यांच्या वजनाचा प्रोग्राम

कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा मला गणित शिकवायला लागून चार वर्षं झाली होती. दिंद्रुडहून सकाळची बीडची एसटी धरायची, कॉलेजात तास घ्यायचे आणि दुपारी परत यायचं, असा माझा दिवस. वडिलांचं भुसाराचं दुकान होतं. घरात शिकून नोकरीला लागलेली मी पहिलीच.

ते दिवसच तसे होते. गावोगाव एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर हा शब्द होता. आमच्या संस्थेनं एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेतला, त्याला पडदे लावलेली स्वतंत्र खोली दिली, दाराबाहेर चपला काढायचा नियम केला आणि खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. गणितवाल्यांना ते यंत्र येत असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मला येत नव्हतं. सोबत आलेल्या पुस्तिकेवरून मी दोन महिन्यांत बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले. सकाळी दहानंतर आमच्याकडे विजेचा भरवसा नसायचा, म्हणून मी आधीची गाडी धरून साडेसातलाच कॉलेजात पोचायला लागले.

त्या खोलीत मला काय मिळत होतं ते सांगायला हवं. एम.एस्सी.पर्यंत मी दुसऱ्यांनी सिद्ध केलेलं पाठ केलं आणि पेपरात उतरवलं. नोकरीत तेच फळ्यावर उतरवत होते. स्वतःच्या डोक्यातून काही काढावं अशी संधीच कधी आली नाही. कॉम्प्युटरसमोर मात्र मी आणि कोरा पडदा. दहा ओळी लिहिल्या की यंत्र माझं ऐकायचं. एकसामयिक समीकरणं सोडवायचा प्रोग्राम मी शाळेत शिकलेल्या लोपाच्या पद्धतीवरून रचला. एका समीकरणातून दुसरं वजा करत जायचं, शेवटी एकच अक्षर उरतं. दोन अक्षरांची, तीन अक्षरांची समीकरणं घालून पाहिली, उत्तरं बरोबर आली. कुठलंही पुस्तक न उघडता हे केलं याचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर पुस्तक मी मुद्दाम उघडलं नव्हतं. वाचलं असतं तर ते माझं राहिलं नसतं, असं वाटायचं.

प्राणिशास्त्राचे एक सर तेव्हा पीएच.डी. करत होते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, वडवणीजवळच्या वस्तीवरचे, मेंढपाळाच्या घरातले. त्यांचे वडील अजून मेंढरं राखत. सरांचा विषयही तोच: मेंढीच्या छातीचा घेर टेपनं मोजला तर तिचं वजन किती ते सांगता येईल का? बाजारात मेंढरं नजरेनं ठरतात, काटा कुणाकडेच नसतो. सरांनी दीड वर्ष वस्त्यावस्त्यांवर फिरून, बाभळीला स्प्रिंगचा काटा टांगून, सव्वाशेक मेंढ्या तोलल्या होत्या आणि प्रत्येकीची छाती मोजली होती. त्या मापांमधून जाणारी नेमकी वक्ररेषा त्यांना हवी होती.

"मॅडम, तुमच्या मशीनवर होईल का हे?" त्यांनी विचारलं.

"होईल. चौथ्या घातापर्यंतची रेषा काढून देते," मी म्हणाले. सरळ रेषा कुणीही हातानं काढतो. मला माझ्या प्रोग्रामची ताकद दाखवायची होती.

तीन आठवडे मी सकाळी ती मापं यंत्रात भरली. छातीचा घेर, त्याचा वर्ग, घन, करत करत आठव्या घातापर्यंतच्या बेरजा, त्यावरून पाच समीकरणं, आणि ती सोडवायला माझा प्रोग्राम. उत्तरं आली. मी मधली सात-आठ मापं घालून पाहिली; साठ सेंटीमीटर छातीच्या मेंढीचं वजन वहीतल्याशी जुळत होतं, पासष्टचंही. बाकीचा तक्ता छापायला लावला आणि भोकांच्या पट्टीचा तो लांब कागद सरांच्या हातात दिला. तक्ता मी स्वतः वाचला नाही. त्यांनीही वाचला नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

पुढच्या आठवड्यात ते परभणीला आपल्या मार्गदर्शकांकडे गेले. परत आले त्या दिवशी त्यांनी आधी आपले तास घेतले. मग स्टाफरूममध्ये तक्ता माझ्यापुढं ठेवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. शहात्तर सेंटीमीटर छाती, वजन एकतीस किलो. त्याखाली एकोणऐंशी सेंटीमीटर, वजन चोवीस.

"मार्गदर्शकांनी विचारलं, तुमच्याकडची मेंढी भरली की हलकी होते का," सर म्हणाले. "तिथं चार-पाच जण बसलेले होते."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाले?"

"हे कुणाच्या पुस्तकातून घेतलं, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्या मॅडमनी स्वतः बनवलंय. ते म्हणाले, म्हणूनच."

सर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि चहा मागवला. मार्गदर्शकांनी आणखी एक गोष्ट विचारली होती, तीही त्यांनी सांगितली. या कामाला हात घालण्याआधी तुम्ही दोघांनी काय काय वाचलं, असं.

त्यानंतर पंधरा दिवस मी प्रोग्रामची एकेक ओळ तपासली. चूक सापडेना. चूक नव्हतीच; जे सांगितलं तेच यंत्र करत होतं. त्याच सव्वाशे मेंढ्या दुसऱ्या क्रमानं भरल्या तेव्हा मात्र उत्तर वेगळं आलं. मापं तीच, बेरजा त्याच, आणि उत्तर वेगळं. ते पाहून मला भीती वाटली. मी जे गणित शिकले त्यात बेरजेचा क्रम बदलल्यानं काही बदलत नाही.

दिवाळीची सुट्टी लागताच मी औरंगाबादला मावशीकडे गेले आणि रोज दहा वाजता विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी काय मागायचं तेच कळेना. काउंटरवरच्या ग्रंथपाल बाई वयानं मोठ्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी म्हणाले, समीकरणं सोडवण्यावरचं एखादं पुस्तक द्या.

"समीकरणं तुम्हाला सोडवायची आहेत की कॉम्प्युटरला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, कॉम्प्युटरला.

"मग ते वेगळ्या कपाटात आहे." त्या स्वतः उठल्या, मला आतल्या मांडणीकडे घेऊन गेल्या आणि खालच्या फळीवरून तीन जाडजूड पुस्तकं काढून दिली. एकावर इतकी धूळ होती की त्यांनी ते आधी खिडकीबाहेर झटकलं.

ते वेगळं कपाट आहे हेच मला माहीत नव्हतं. माणसानं कागदावर करायचं गणित आणि यंत्राकडून करून घ्यायचं गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यावर लोकांनी आयुष्यं घालवली होती. माझ्या जन्माच्या आधीपासून.

पुस्तकं इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी पेपरापुरतं. दिवसाला आठ-दहा पानं व्हायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एका प्रकरणात माझीच गोष्ट निघाली. लेखकाला मेंढ्या माहीत नव्हत्या, त्याची मापं कुठल्या तरी प्रयोगशाळेतली होती. पण त्यानं लिहिलं होतं की पुष्कळ जण मापांचे मोठमोठे घात करून बेरजा घेतात, त्यावरून समीकरणं मांडतात, सरळ लोप करत सुटतात आणि भलतंच उत्तर घेऊन बसतात. यंत्र ठरावीक अंकच धरून ठेवतं. माझं यंत्र सातच अंक धरत होतं. ऐंशीचा आठवा घात सोळा अंकी. सोळातले पहिले सात ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे आणि मग तशा दोन जवळजवळ सारख्या संख्या एकमेकींतून वजा करायच्या. जो फरक हवा असतो तो नेमका टाकलेल्या अंकांत गेलेला असतो.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. लाज वाटली, हे खरं. माझ्या चुकीत नवीन काहीच नव्हतं, ती इतकी जुनी होती की पुस्तकात तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण होतं. पण थोड्या वेळानं बरंही वाटायला लागलं. पंधरा दिवस त्या खोलीत मी एकटी झगडत होते. इथं कुणीतरी सांगत होतं की इथंच पाय घसरतो, आम्हीही इथंच पडलो, आणि उठायचं कसं तेही पुढच्या पानावर आहे.

उपाय साधे होते. घात करण्याआधी प्रत्येक मापातून सरासरी वजा करायची, म्हणजे संख्या लहान राहतात. लोप करताना हाताला लागेल त्या समीकरणापासून सुरुवात न करता सगळ्यांत मोठा सहगुणक असलेलं समीकरण आधी घ्यायचं. आणि गरज नसताना वरचे घात घ्यायचेच नाहीत. ग्रंथालयातलं झेरॉक्स मशीन बिघडलेलं होतं, त्यामुळे मी सगळं हातानं उतरवून घेतलं. त्यातच सहा समीकरणांचं एक उदाहरण होतं, दिसायला निरुपद्रवी, सगळ्या अक्षरांची उत्तरं एक. नवा प्रोग्राम लिहिलात की आधी तो यावर चालवून बघा, असं लेखकानं सुचवलं होतं.

निघताना मला सरांच्या मार्गदर्शकांचा प्रश्न आठवला. ग्रंथपाल बाईंना विचारलं, जनावरांच्या मापावरून वजन काढण्याबद्दल काही असेल का? त्यांनी पशुसंवर्धनाच्या नियतकालिकांचे बांधलेले खंड दाखवले. अर्ध्या दिवसात माझ्या लक्षात आलं की गुरांवर, डुकरांवर, मेंढ्यांवर अशी मापं कितीतरी जणांनी घेतली आहेत. आणि नुसत्या छातीच्या घेरावर थांबणारे थोडेच. बरेच जण अंगाची लांबीही मोजत, मग छातीचा वर्ग गुणिले लांबी असा हिशोब करत. विचार केला तर उघड होतं. मेंढीचं धड म्हणजे साधारण नळकांडंच की. नळकांड्याचं घनफळ मी दरवर्षी शिकवत होते.

गावी आल्यावर पहिल्याच सकाळी कॉलेजात जाऊन मी जुना प्रोग्राम त्या सहा समीकरणांवर चालवला. सगळी उत्तरं एक यायला हवी होती. पहिलं जवळपास एक आलं, तिसरं वजा आलं, पाचवं कुठल्या कुठे. मी तो कागद छापून घेतला आणि सरांना दाखवला. ते बघत राहिले.

"म्हणजे मेंढ्यांच्या आधी हे चालवलं असतं तर कळलं असतं?"

"लगेच."

मग मी त्यांना लांबीचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लांबी मोजलीच नव्हती. दीड वर्ष फिरून, प्रत्येक मेंढी उचलून काट्याला टांगून, टेप हातात असताना. "मीही काही वाचलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, मेंढरात जन्म गेला, आता वाचायचं काय राहिलं?"

मापं पुन्हा घ्यायची तर थांबणं भाग होतं. दिवाळी झाली की मेंढरं गोदाकाठाला चरायला जात आणि उन्हाळा सरताना परतत. त्या काळात मी प्रोग्राम नव्यानं लिहिला. या वेळी वही शेजारी उघडी ठेवून. लिहायला जेमतेम दहा दिवस लागले. वाचायला त्याच्या तिप्पट लागले होते. त्या सहा समीकरणांवर तो आधीपेक्षा पुष्कळ बरा चालला, अगदी बरोबर मात्र नाही. आणि सात अंकांच्या यंत्रावर तो बरोबर चालणारच नाही हेही आता मला ठाऊक होतं. प्रोग्रामचं कुठं ऐकायचं आणि कुठं नाही, हे कळल्यावर मला त्याची भीती वाटेनाशी झाली.

मेंढरं परतल्यावर मी सरांबरोबर त्यांच्या वस्तीवर गेले. त्यांचे भाऊ मेंढी धरून काट्याला टांगत, सर छातीला आणि मग खांद्यापासून मागच्या हाडापर्यंत टेप लावत आणि मी बसून आकडे उतरवून घेत असे. त्यांचे वडील घोंगडं टाकून शेजारी बसले होते. त्यांना तक्त्याची हकिगत कळलेली होती.

"बाई," ते म्हणाले, "छाती भरली म्हंजी मेंढरू भरलं. मंग तुमच्या मिशनीला ते हलकं कावून दिसलं?"

मी जरा विचार केला. त्यांना अंक आणि घात सांगण्यात अर्थ नव्हता, आणि आमच्या दुकानाचा माल काट्यावर जाताना मी लहानपणापासून पाहिला होता. "मामा, ट्रकचा काटा पाहिलाय ना तुम्ही? त्यावर माल भरलेला ट्रक तोलला, आत एक कोकरू बसलंय. मग कोकरू उतरवलं आणि ट्रक पुन्हा तोलला. वजाबाकी केली तर कोकराचं वजन कळेल का?"

ते हसले. "त्यो काटा धा-वीस किलू सोडूनच बोलतो. कोकरू त्येच्यात कुठं घावतंय?"

"माझ्या मशीननं तेच केलं. मी कोकरू ट्रकमध्ये घालून तोललं."

"आन आता?"

"आता ट्रक बाजूला काढलाय."

"हे तुमाला कुनी सांगितलं?"

"पुस्तकात होतं."

त्यांनी मान हलवली. "मंग आधी कावून न्हाई पाहिलं?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, मला वाटलं स्वतःच करावं. ते म्हणाले, "सवताच करावं की. पर रस्ता इचारून निघालं तर चालनं काय दुसऱ्याचं व्हत न्हाई." मग धरलेल्या एका मेंढीचा कान हातातून सुटत होता म्हणून ते उठले आणि विषय तिथंच राहिला.

छातीचा वर्ग गुणिले लांबी या एका संख्येवरून काढलेली सरळ रेषा नव्यानं मापलेल्या सव्वाशे मेंढ्यांपैकी बहुतेकींना किलो-सव्वाकिलोच्या आत जुळली. चौथ्या घाताची गरजच पडली नाही. माझा प्रोग्राम पाच-सहा समीकरणं सोडवू शकत होता आणि अखेरीस त्यानं दोन सोडवली. या वेळचा तक्ता मी आणि सरांनी एकेक ओळ मोठ्यानं वाचून तपासला, आणि परभणीला जाताना सरांनी आम्ही काय काय वाचलं त्याची दोन पानांची यादी सोबत नेली. तिकडून त्यांनी एसटीडीवरून कॉलेजात फोन केला. शिपाई मला वर्गातून बोलवायला आला. मार्गदर्शक तक्त्याआधी ती यादी वाचत बसले, एवढंच सर म्हणाले. फोन लगेच कट झाला.

सरांना पदवी मिळाली. त्यानंतर भूगोलाचे आणि रसायनाचे लोकही मापं घेऊन माझ्या खोलीत यायला लागले. मी त्यांना आधी विचारायचे, यावर काय वाचलंय? काहींना तो प्रश्न आवडायचा नाही. एका प्राध्यापकांनी तोंडावर सांगितलं की मॅडम, काम टाळायची ही चांगली युक्ती आहे. मी त्यांना दोष देत नाही. काही वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मीही तसंच काहीतरी म्हणाले असते.

सरांना एक गोष्ट राहून राहून सलत होती. गाभण मेंढ्यांना आमचं सूत्र लागू पडत नव्हतं, आणि त्यांचे वडील मात्र गाभण मेंढीचं वजनही नुसत्या हातानं चाचपून बरोबर सांगत. पोटाचा घेर धरून काही करता येईल का, असं सरांच्या मनात होतं. मी म्हणाले, थांबा. पुन्हा औरंगाबादला गेले, तेच खंड, त्याच ग्रंथपाल बाई. तीन दिवस शोधलं. गुरांबद्दल थोडंफार होतं, आमच्याकडच्या मेंढ्यांबद्दल काहीच नाही. परत येऊन सरांना तसं सांगितलं, तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "म्हणजे हे आता आपणच करायचं."

पुढची दोन वर्षं आम्ही ते केलं. जमलं नाही. पोटाचा घेर सकाळी एक आणि चरून आल्यावर वेगळाच यायचा, आणि जुळी कोकरं असली की सगळंच बिनसायचं. कुठं आणि का जमलं नाही ते सरांनी सहा पानांत लिहून काढलं, मी त्याला तक्ते जोडले, आणि ते एका लहानशा नियतकालिकात छापून आलं. त्याचा एक अंक मी औरंगाबादला नेऊन ग्रंथपाल बाईंना दिला. त्यांनी त्यावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि कुठल्या कपाटात ठेवायचा ते मला विचारलं.